सात पौंडांचे जाते

रावेरहून निघून सावदा ओलांडले की थोड्याच वेळात फैजपूर येते. वाटेत दोन्ही बाजूंना केळीचे मळे, आणि मधूनमधून कढईत तळल्या जाणाऱ्या केळ्याच्या वेफर्सचा वास. डिसेंबर १९३६ मध्ये याच फैजपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्षपदी पंडित नेहरू, बांबू आणि आसपासच्या साहित्यातून नंदलाल बोस यांनी सजवलेले टिळकनगर, रावेर तालुक्यातल्या खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे राबणारे कार्यकर्ते, या आठवणी खानदेशात अजून सांगितल्या जातात. शेतकऱ्यांच्या मागण्यांचा कार्यक्रम येथे मंजूर झाला म्हणून इतिहासात फैजपूरचे नाव आहे. त्याच वेळी भरलेल्या ग्रामोद्योग प्रदर्शनाची आठवण मात्र फारशी निघत नाही. त्या प्रदर्शनाचे उद्घाटन करणारे सदुसष्ट वर्षांचे महात्मा गांधी त्या दिवसांत स्वराज्याइतकाच तांदळाच्या कोंड्याचा, गुळाचा आणि घाणीच्या तेलाचा विचार करत होते.

गांधीजींच्या खाण्यापिण्याकडे आपण बहुधा एका विक्षिप्त महापुरुषाची हौस म्हणून पाहतो. शेळीचे दूध, कडुनिंबाची चटणी, उपास. पण त्यांच्या आयुष्याची साठ वर्षे अन्नाच्या अंगाने पाहिली, तर एक प्रवास दिसतो. स्वतःच्या ताटापासून सुरू झालेला हा माणूस हळूहळू वेगळ्याच प्रश्नाशी येऊन पोहोचला. लोक काय खातात हे कोण ठरवते? खाणारा, की गिरणी, कारखाना आणि सरकार? लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब यांना आळा घालण्याची धोरणे आज ठरतात, तेव्हा वाद याच प्रश्नाभोवती फिरतो.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला जन्मलेला मोहनदास शाळेत असताना एका मित्राच्या नादाने चोरून मांस खाऊ लागला. इंग्रज मांस खातात म्हणून ते बलवान आहेत आणि आपल्यावर राज्य करतात, अशी त्या मित्राची समजूत होती. आईवडिलांशी खोटे बोलणे सहन होईना, म्हणून सुमारे वर्षभरात ते थांबले. १८८८ मध्ये विलायतेला निघताना आईला मांस न खाण्याचे वचन दिलेले होते. लंडनमध्ये सुरुवातीला अक्षरशः उपासमार झाली. मग फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी खाणावळ सापडली, तिथेच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरचे पुस्तक मिळाले, आणि वचन म्हणून पाळलेली गोष्ट पटलेली गोष्ट झाली. घरून येणारी मिठाई आणि मसाले त्यांनी बंद केले. मसाल्याशिवाय उकडलेला पालक आवडू लागला तेव्हा, चव जिभेत नसून मनात असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर ते निवडून आले. तिथे डॉ. ॲलिन्सन नावाचे एक सदस्य होते. मैद्याच्या पांढऱ्या पावाऐवजी कोंड्यासकट गव्हाचा पाव खा, असा प्रचार ते करत. संततिनियमनाच्या बाबतीतल्या त्यांच्या मतांमुळे त्यांना मंडळातून काढण्याचा ठराव आला. ती मते गांधींनाही मान्य नव्हती, पण त्यासाठी माणसाला काढणे त्यांना अन्यायाचे वाटले. बोलायला उभे राहण्याचे धैर्य नव्हते, म्हणून भाषण लिहून नेले आणि दुसऱ्याने ते वाचले. ठराव मंजूर झाला. सार्वजनिक जीवनातली त्यांची ही पहिलीच लढाई, आणि ती हरलेली. कोंड्यासकट पीठ मात्र आयुष्यभर डोक्यात राहिले.

१९०५ च्या सुमारास जोहान्सबर्गमध्ये त्यांची वकिली जोरात चालू होती. घरी बेकरीचा पाव बंद करून जाड पिठाची रोटी करायचे ठरले. गिरणीचे पीठ त्यासाठी चांगले नाही, असे वाटल्यावर त्यांनी हाताने फिरवायचे जाते विकत आणले. किंमत सात पौंड. त्याचे लोखंडी चाक एका माणसाला जड जाई, दोघांना सोपे. गांधी, त्यांचे मित्र हेन्री पोलॅक आणि मुले दळायला बसत, कधीमधी कस्तुरबाही हात लावत. व्यायाम होतो आणि पीठही चांगले मिळते, असा दुहेरी हिशेब होता. खानदेशात ज्याला घरोट म्हणतात, त्यावर पहाटे दळणाऱ्या बाईला या हिशेबाचे हसू आले असते. तिला व्यायामाची उणीव कधीच नव्हती. बॅरिस्टरच्या घरी जाते हा प्रयोग होता. खेड्यातल्या बाईसाठी तो रोजचा घाम होता. हा फरक पुढे त्यांच्या धोरणातही अडचणीचा ठरला.

दक्षिण आफ्रिकेतली वर्षे प्रयोगांनी भरलेली आहेत. टॉलस्टॉय फार्मवर हर्मन कॅलनबाख यांच्यासोबत १९१२ मध्ये दूध सोडले, मग शिजवलेले अन्नही. त्या फलाहारात कच्चे भुईमुगाचे दाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल असे. यातल्या पहिल्या दोन वस्तू रावेर-यावलच्या माणसाला ओळखीच्या. सर्वांत गरीब माणसाला परवडेल असे आणि चूल न पेटवता मिळणारे अन्न शोधायचे, हा त्यामागचा हेतू होता. त्याला ब्रह्मचर्याची जोड होती, आणि ती आजच्या आहारशास्त्रात कुठेच बसत नाही, हेही सांगायला हवे.

या प्रयोगांची किंमत घरच्यांनीही मोजली. १९०२ मध्ये मुंबईत गिरगावला राहत असताना दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप सुचवले. गांधींनी नकार दिला आणि कटिस्नान, ओल्या चादरीची घडी, पाणी घातलेला संत्र्याचा रस यांवर मुलाला ठेवले. एका रात्री ते स्वतः भीतीने घराबाहेर पडून रस्त्यावर फिरत राहिले. मुलगा वाचला. तो उपचाराने वाचला की दैवाने, हे आपल्यालाही ठरवता येत नाही, असे त्यांनी पुढे प्रामाणिकपणे लिहून ठेवले. हा मार्ग कुणी गिरवू नये. कस्तुरबांच्या आजारपणात त्यांनी मीठ आणि डाळ सोडण्याचा आग्रह धरला. तुम्हाला सांगितले तर तुम्हीही सोडणार नाही, असे बा वैतागून बोलून गेल्या, आणि त्याच क्षणी गांधींनी वर्षभरासाठी दोन्ही सोडले. बांना रडू आले. त्यांनी सुटका करण्याची विनवणी केली, पण उपयोग झाला नाही.

भारतात परतल्यावर १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरत असताना त्यांचे खाणे मुख्यतः भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट आणि लिंबू एवढेच होते. त्यात सणाच्या दिवशी गोड लापशी आणि मूग पोटभर खाल्ले, आणि आमांशाने अंथरूण धरले. प्रकृती इतकी ढासळली की मरण जवळ आल्याची खात्री त्यांना वाटू लागली. औषध नको, दूध नको. मुंबईत डॉ. दलाल यांनी दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही, असे बजावले. तुमचे व्रत गायी-म्हशीच्या दुधापुरते आहे, शेळीचे चालेल, ही वाट बांनी काढून दिली. गांधीजींनी ते घेतले आणि व्रताचा आत्मा मोडल्याची खंत शेवटपर्यंत बाळगली. वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर त्या दिवशी बांचे म्हणणे बरोबर होते. पुढे १९२९ मध्ये साबरमतीच्या आश्रमात त्यांनी सर्व अन्न कच्चे खाण्याचा प्रयोग केला. तोही काही महिन्यांत फसला, आणि तो फसल्याचे त्यांनी आपल्या साप्ताहिकात छापले. आहाराचा सल्ला देणारे आज पुष्कळ आहेत, पण आपला फसलेला प्रयोग जाहीर करणारे त्यांत किती, हे वाचकांनी पाहावे.

इथपर्यंतची गोष्ट एका माणसाच्या निग्रहाची आहे. १९३० मध्ये ती बदलली. १२ मार्चला साबरमतीहून निघून ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मूठभर मीठ उचलले. स्वतः दीर्घकाळ बिनमिठाचे जेवणाऱ्या माणसाने मिठासाठी तुरुंगवास पत्करला, हे विचित्र वाटेल. पण त्यांचा मुद्दा किती मीठ खावे हा नव्हता. उन्हात राबणाऱ्या मजुराच्या आणि त्याच्या जनावराच्या तोंडातल्या घासावर सरकारने कर बसवला होता, हा होता. अन्नावरचा कर कोणावर पडतो, या प्रश्नाचे उत्तर सोपे नसते, आणि तो प्रश्न आजही शिळा नाही. साखरयुक्त शीतपेयांवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. तिथे कर लावण्याचे कारण नेमके उलटे आहे: ज्याची शरीराला गरज नाही ते महाग व्हावे. ज्याच्यावाचून चालत नाही त्यावर कर आणि ज्याच्यावाचून चालते त्यावर कर, यांत नीतीचा फरक आहे.

ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ठराव झाला आणि वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा, लंडनमध्ये हिशेबनीस म्हणून तयार झालेले आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले. मगनवाडीत काम सुरू झाले. संघाने प्रथम हाती घेतलेल्या गोष्टींत हातसडीचा तांदूळ, घरी दळलेले पीठ, गूळ, घाणीचे तेल होते. रोजगार हे एक कारण. पण दुसरे कारण शुद्ध वैद्यकीय होते.

डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमान यांना १८९० च्या दशकात जावा बेटावर दिसले, की पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. माणसांतला बेरीबेरी हा रोग याच जातीचा होता. तांदळाच्या वरच्या थरात असलेले जीवनसत्त्व ब-१ गिरणीत पॉलिश करताना निघून जाते. या कामासाठी आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल मिळाले. आपल्याकडे आंध्रच्या किनारी भागात बेरीबेरी होता, आणि कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी भारतीय आहारांची तुलना करून ठेवली होती. गांधीजींनी डॉक्टरांकडून मते मागवली आणि ती 'हरिजन'मध्ये छापली. तांदूळ, गहू, गूळ, साखर, दूध, पालेभाजी, सोयाबीन, सगळ्यांवर. मगनवाडीत सोयाबीन शिजवून पाहिले गेले, कडुनिंबाची पाने आणि चिंच ताटात आली. पाहुण्यांची तोंडे वाकडी होत असत.

त्यांच्या मांडणीतली नवी गोष्ट अशी, की ते नुसते पांढरा तांदूळ खाऊ नका असे सांगून थांबले नाहीत. गिरणी गावात आली की कोंड्यासकट तांदूळ बाजारात मिळेनासाच होतो, मग उपदेशाचा उपयोग काय, हे त्यांनी ओळखले. म्हणून उखळ आणि जाते टिकवायचे. साखरेचेही तसेच. १९३२ मध्ये सरकारने साखर उद्योगाला संरक्षण दिले, आणि काही वर्षांत कारखाने भराभर उभे राहिले. स्वस्त साखर गावागावात पोहोचली. गुळात थोडी खनिजे असतात, म्हणून तो बरा, असे गांधीजींचे म्हणणे. ते अर्धेच खरे आहे. मधुमेही माणसाच्या रक्तात गूळही साखरेसारखाच साखर वाढवतो. साखरेऐवजी गूळ घेतला म्हणजे चालते, या समजुतीवर आजही घराघरात चहा गोड होतो.

फैजपूरला हे सगळे एका जागी मांडले गेले. मोठ्या शहराऐवजी खेड्यात अधिवेशन भरवण्याचा आग्रह गांधीजींचाच होता. विजेची झगमग आणि शहरातून आणलेले सामान टाळून, गावात जे बनते त्यावरच भागवायचे. एका अर्थी खानदेश त्यांच्या सांगण्याला आधीच पुढे होता. इथले रोजचे अन्न भात नव्हतेच. ज्वारी-बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, तुरीची डाळ, भरीत, शेंगदाणे. ज्वारी सोलून पॉलिश करावी लागत नाही, दाणा अख्खाच दळला जातो. पुढे रेशनवर स्वस्त गहू आणि तांदूळ आले, आणि ज्वारी ताटातून मागे सरकत गेली, तीही कुणाच्या जिभेच्या निर्णयाने नव्हे.

पण घरोटाचा प्रश्न फैजपुरातही सुटला नाही. पिठाची गिरणी आली तेव्हा खानदेशातल्या बायकांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि तो योग्यच होता. आरोग्याच्या नावाखाली बाईच्या पाठीवर तासन्‌तास काम लादणारे धोरण टिकत नाही. कोंड्यासकट पीठ गिरणीतही दळता येते. प्रश्न चाळणीचा होता. यंत्र हवे, पण त्याने काय काढून टाकायचे हे कोणी ठरवायचे, इतका बारीक फरक गांधीजींनी क्वचितच केला.

त्यांचे स्वतःचे शरीर या सगळ्याला एक टीप जोडते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या वैद्यकीय नोंदींनुसार, १९३९ मध्ये उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ४६.७ किलो होते. म्हणजे वजन कमीच. तरी ऑक्टोबर १९३७ मध्ये रक्तदाब १९४/१३० नोंदला गेला होता. मांस नाही, तंबाखू नाही, रोजचे चालणे, अंगावर चरबी नाही, आणि रक्तदाब असा. सडपातळ माणसाला रक्तदाब तपासायची गरज नाही, असे मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध केले. १५ ऑगस्टला तिथेच महादेवभाई देसाई गेले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २८ ऑगस्टला, गांधीजींनी आरोग्यावरचे एक छोटे पुस्तक लिहायला घेतले आणि १८ डिसेंबरला संपवले. १९१३ मध्ये गुजरातीत लिहिलेली लेखमाला त्यांना नव्याने मांडायची होती. 'आरोग्यनी चावी' या पुस्तकात बैठे काम करणाऱ्या माणसाच्या दिवसाच्या आहाराचे माप दिले आहे: गायीचे दूध दोन पौंड, धान्य सहा औंस, पालेभाजी तीन औंस, इतर भाज्या पाच औंस, कच्ची भाजी एक औंस, तूप दीड औंस, गूळ किंवा साखर दीड औंस, फळे आवडीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे. सहा औंस धान्य म्हणजे सुमारे १७० ग्रॅम. दीड औंस साखर म्हणजे ४२ ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या शिफारशीनुसार दिवसाच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी वाटा साखरेचा असावा, म्हणजे २००० उष्मांकांच्या आहारात ५० ग्रॅमच्या आत, आणि त्याच्या निम्म्यावर आणता आली तर अधिक चांगले. गांधीजींचे माप पहिल्या मर्यादेत बसते, दुसऱ्या मर्यादेत बसत नाही. दूध आणि तूप मात्र त्या काळच्या गरीब शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. पुस्तक लिहून झाल्यावर सव्वा वर्षाने, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, त्याच महालात कस्तुरबा गेल्या.

सुटकेनंतर मार्च १९४६ मध्ये ते पुण्याजवळच्या उरुळी कांचन येथे काही दिवस राहिले, गावकऱ्यांना तपासले आणि तिथल्या निसर्गोपचार केंद्राची जबाबदारी मणिभाई देसाई या तरुणावर सोपवून निघाले. गांधीजींच्या डोळ्यांसमोर औषध न परवडणारा खेडूत होता. आज त्या आश्रमात वजन कमी करायला आणि मधुमेह आटोक्यात आणायला शहरांतून माणसे येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या किंवा लठ्ठ आढळल्या. गांधीजींच्या काळात ही संख्या कुणी मोजायला गेलेच नसते.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एका पदार्थावर लेखणी उचलली: वनस्पती तूप. वनस्पती तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला की ते गोठते आणि तुपासारखे दिसते. स्वस्त, टिकाऊ, आणि साजूक तुपात मिसळायला सोयीचे. गांधीजींचा राग फसवणुकीवर आणि त्यात तुपातली जीवनसत्त्वे नसण्यावर होता. त्या प्रक्रियेत तयार होणारी ट्रान्स चरबी हृदयविकार वाढवते, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. ते १९९० च्या दशकात ठळकपणे पुढे आले. म्हणजे त्यांचा निष्कर्ष बरोबर निघाला, कारण मात्र वेगळे होते.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. १९५० च्या जानेवारीत अमलात आलेल्या राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात लोकांचे पोषणमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाचे प्राथमिक कर्तव्य म्हणून नोंदले गेले. वनस्पती तुपावर बंदी घालावी, अशी मागणी संसदेत झाली, पण ती मान्य झाली नाही. मधला मार्ग निघाला. वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे झाले. तिळाच्या तेलाचा विशिष्ट रासायनिक चाचणीत लाल रंग येतो, त्यामुळे साजूक तुपात कुणी वनस्पती मिसळले तर ते प्रयोगशाळेत पकडता येते. जीवनसत्त्व अ मिसळण्याचाही नियम झाला. फसवणूक पकडण्याची सोय झाली, पदार्थ मात्र मिठाईच्या दुकानांत, बेकरीत आणि लग्नाच्या पंगतींत राहिला. तेल आणि चरबीच्या पदार्थांतली ट्रान्स चरबी २ टक्क्यांवर रोखणारी मर्यादा देशात १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जास्त मीठ, साखर आणि चरबी असलेल्या पदार्थांना मनाई केली, २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेभोवतीच्या ५० मीटरपर्यंत ती वाढवली, आणि २०२३ मध्ये राज्याच्या शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, किंवा अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळे, देण्याचे ठरले.